मंदाकाकूंच्या उंचीवरची मशीन

एक्सट्रूडर वर सरकणार नाही. विषय संपला.

आज मंदाकाकूंना जाऊन वर्ष झालं, आणि बेसा भागातल्या माझ्या पॉटरी स्टुडिओत सकाळपासून शिकणाऱ्या मुलांची हीच भुणभुण.
"मॅम, आता तरी मशीन थोडी वर लावू ना. वाकून वाकून कंबर जाते."

जाऊ दे कंबर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक्सट्रूडर म्हणजे चकलीच्या साच्याचा मोठा भाऊ. भिंतीला बोल्टनं ठोकलेला. वरचा लांब दांडा खाली ओढला की आतला दट्ट्या दाबला जातो आणि खालून मातीची सळी निघते. तिचे आम्ही कपाचे कान करतो.

आणि साचा या विषयात काकूंना शिकवणारा अजून जन्मायचा आहे. महाल भागात तीस वर्षं चकल्या, शेव, कुरडयांच्या ऑर्डरी घेतल्या त्यांनी. साठीनंतर माझ्याकडे मातीकाम शिकायला आल्या.

मग कॅन्सर. उजवा स्तन काढला. त्या बाजूचा हात सुजायचा, माती मळणं बंद झालं.
घरचे म्हणाले, आता आराम करा.

काकू तडक स्टुडिओत आल्या. "आराम करून काय करू वं? मले साचा आणून दे. डाव्या हातानं ओढीन."

मी एक चकचकीत स्टीलची मशीन फोटो पाहूनच पसंत केली होती. काकू म्हणाल्या, "मी पाह्यल्याबिगर घ्यायची नाही."

दुकानात डेमोची माती लोण्यासारखी मऊ. भराभर सळ्या निघाल्या. मी खूश.

काकूंनी पिशवीतून ओल्या फडक्यात बांधलेला गोळा काढला. आमच्या स्टुडिओतली घट्ट माती, निघतानाच बांधून आणलेली.
"हे टाक गा यात."

दुकानदारानं दांडा ओढला. खालून जेमतेम वीतभर सळी आली, आणि दट्ट्याच्या कडेनं माती वर चढायला लागली.

"पाह्य, वरून माल निघून राहिला. दट्ट्या ढिल्ला हाय तुहा."
"आंटी, कंपनीचा पीस आहे."
"कंपनीनं चकल्या केल्या काय कधी?"

शेवटी कोपऱ्यातली, दिसायला अगदीच ओबडधोबड मशीन घेतली. दट्ट्या मात्र गच्च.

बसवायला आलेला फिटर म्हणाला, हाइट स्टँडर्ड ठेवावी लागते. काकू जेमतेम पावणेपाच फूट.
"मी स्टँडर्ड हाय काय? माह्या हाताले पुरन तिथं लाव."
आणि ओल्या मातीच्या बोटानं भिंतीवर खूण केली. ती खूण अजून आहे. पुसाल तर याद राखा.

पहिल्याच दिवशी काकूंनी घोळ घातला. माझ्या आधी येऊन साचा आतून शेंगदाणा तेलानं चोपडला. चकलीच्या साच्याला लावतात तसं!

कान काय सुरेख निघाले. पण तेलकट माती चिकटते कुठे? वाळताना डझनभर कपांचे कान टपाटप गळून पडले.

मी भडकले. "काकू, तेल काहून लावलं?"
"सवय वं."

मग त्यातला एक कप उचलून म्हणाल्या, "कान नाही तं काय झालं? चहा तं राह्यते ना यात. भाज सगळे."
आणि स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून खळखळून हसल्या.
मला हसू येईना. रडूच यायला लागलं.
"हास ना वं," म्हणाल्या.

त्यानंतर दोन वर्षं, आमच्या स्टुडिओतून बाहेर गेलेल्या प्रत्येक कपाचा कान काकूंनी ओढलेला. डाव्या हातानं दांडा धरायचा आणि सगळं अंग झोकून द्यायचं. शेवटच्या महिन्यातसुद्धा.

"उगाच दगदग केली" म्हणणाऱ्यांनी काकूंचं ते तोंड पाहायला हवं होतं, दांडा ओढताना.

आणि कमेंटमध्ये कोणी "सुटल्या बिचाऱ्या" लिहू नका. डिलीट करीन.
त्या बिचाऱ्या नव्हत्या. त्यांना सुटायचंही नव्हतं. त्यांना दिवाळीच्या ऑर्डरचे कप पूर्ण करायचे होते.

आम्ही केले ते. वाकून.

आज तुमच्या बिनकानाच्या कपात चहा घेतला, काकू. बोटं भाजली. तुमची फार आठवण येते.

मशीन तुमच्याच उंचीवर राहील. वाकायचं ते आम्ही वाकू.