रिबेकाताईंचा पेसाख

रिबेकाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेतून सुटून इंदूरच्या पलासिया चौकातल्या गर्दीत अडकले होते. त्यांचा मुलगा डॅनियल इस्रायलहून बोलत होता. “ताई, मम्मी आज सकाळी गेली... झोपेतच.” मागे हॉर्न वाजत होते. मी नुसती “हो, हो” म्हणत राहिले.

सव्वीस वर्षं आमचे फ्लॅट समोरासमोर होते. त्या निवृत्त नर्स, अलिबागकडच्या बेने इस्रायली ज्यू. नवरा इथल्या मिलमध्ये लागला म्हणून इंदूरच्या झाल्या. पेसाख हा मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटल्याचा त्यांचा सण. आंबवलेलं काही घरात चालत नसे, म्हणून आदल्या दिवशी पाव-बिस्किटं आमच्याकडे यायची. मग त्या सणाची थाळी मांडायच्या... न आंबवलेली भाकरी, उकडलेलं अंडं, कडू पाला, आसवांची आठवण म्हणून मिठाचं पाणी, आणि खजुराचा घट्ट रस, गुलामांनी तुडवलेल्या मातीच्या रंगाचा. घरातल्या सर्वांत लहानाने विचारायचं, आजची रात्र वेगळी का? डॅनियल परदेशी गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी मात्र माझ्यात काही उरलं नव्हतं. सासूबाईंनी अंथरूण धरून आठ महिने झाले होते. मी दारातूनच म्हटलं, “ताई, या वर्षी राहू द्या ना. मला उभंही राहवत नाही.”

“मग उभी कशाला राहतेस? अंदर आ.” त्यांनी खुर्चीत उशी ठेवली. “आज टेकूनच बसायचं असतं. गुलामाला टेकायची सवड नसते, पता है ना?”

मी टेकले, प्रश्न विचारला... आणि त्या उत्तर देत असतानाच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा ताई खोलीत नव्हत्या. घाबरून घरी धावले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रिबेकाताई सासूबाईंना कुशीवर वळवून पाठीला पावडर लावत होत्या. चादरही बदललेली होती.

“मी तुमचा सण घालवला,” म्हणताना मला रडू फुटलं.

“घालवला कुठे? चल, भाकरी खायची राहिलीय. भूक लागलीय मला.”

दिवाळीनंतर डॅनियल त्यांना घेऊन गेला. त्यांना जायचं नव्हतं. “जिना चढवत नाही आता,” एवढंच म्हणाल्या. पुढे सासूबाई गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे त्या प्रार्थना म्हणू लागल्या...

त्यांच्या दाराच्या चौकटीवर प्रार्थनेच्या कागदाची छोटी डबी होती. येता-जाता त्या तिला स्पर्श करून बोटं ओठांना लावायच्या. डबी डॅनियलने नेली. लाकडावर तेवढाच फिकट पट्टा राहिलाय. परवा नवीन भाडेकरू रंग देत होते.

“भाभीजी, ये निशान किसका है?”

मी सांगायला लागले. त्यांनी ब्रश खाली ठेवला.