देवाला दम देणाऱ्या सिस्टर

देवाशी इतकं रोखठोक बोलणारं दुसरं माणूस साऱ्या वाशीत नव्हतं, हे मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या सिस्टरांबद्दल छातीठोकपणे सांगू शकते. त्या मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती, ठाण्याच्या एका इस्पितळात नर्स. वॉर्डात आयांना आणि वॉर्डबॉयना कामाला लावता लावता जिभेला जी धार चढली होती, ती प्रार्थनेतही उतरली होती. ऐंशीच्या सुमारास आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हा आजूबाजूला इमारती कमी आणि चिखल जास्त. संध्याकाळी गॅलरीचं दार सताड उघडं टाकून त्या प्रार्थनेला बसल्या की आवाज थेट खाडीपर्यंत जात असावा. "प्रभू, जिन्यातला दिवा गेलाय, सोसायटीच्या सेक्रेटरीला आठवण कर. खालच्या सूनबाईंच्या खोकल्याचं कालच सांगितलं होतं, तो तसाच आहे. हे बरं दिसत नाही." ती खालची सूनबाई म्हणजे मी. माझ्या सासूबाई देवापुढे स्तोत्र म्हणता म्हणता थांबत, कान देऊन ऐकत, "बरोबर आहे तिचं," म्हणत आणि सोडलेली ओळ पुन्हा धरत.

सिस्टरांचे यजमान, आमचे काका, अगदी उलट स्वभावाचे. बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनाच्या कारखान्यात फिटर होते, बोलायचे कमी आणि गायचे फार गोड. रविवारी त्यांच्याच बैठकीच्या खोलीत ओळखीची चार कुटुंबं उपासनेला जमत आणि काका पेटीवर गीतं म्हणत. एके दिवशी कारखान्यात नळी फुटली, ॲसिड तोंडावर उडालं आणि काकांचे दोन्ही डोळे गेले. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी पेटी झाकून ठेवायला सांगितली. "ज्यानं हे होऊ दिलं, त्याच्याशी मला बोलायचं नाही," असं ते स्वच्छ म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "नका बोलू. तुमचं भांडण तुमच्यापाशी. माझं बोलणं चालू राहील. तुम्ही नुसते खोलीत बसा." काका बसत, पण भिंतीकडे तोंड करून.

त्यानंतर सिस्टरांच्या आवाजाची पट्टी आणखी चढली. समाचाराला आलेले चर्चचे पाळकसाहेब हात जोडून म्हणाले, "बाई, परमेश्वराची इच्छा." सिस्टरांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, चहा घ्या, बिस्किट घ्या, पण हे वाक्य या घरात नको. त्याची काय इच्छा होती ते मी त्यालाच विचारतेय. अजून उत्तर आलेलं नाही." पाळकसाहेबांनी मुकाट्यानं बशीत चहा ओतला. दिवाळे गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीला तर फारच कळवळा. ती पाटी उतरवून म्हणाली, "बाय, आमचे देवीला नवस बोल ना. डोले परत येतील. ती जागृत हाय." सिस्टर म्हणाल्या, "अगं, तुझ्या देवीपुढे गेले तर ती पहिलं हेच विचारेल, तिकडे काम झालं नाही म्हणून इकडे आलीस होय? काय तोंड दाखवू तिला?" कोळीण पदराआड हसली आणि तिनं वाट्यावर चार बोंबील जास्त टाकले.

त्या वर्षी नाताळात वर चांदणी लागणार नाही, असं सगळे धरूनच चालले होते. सिस्टरांनी नेहमीच्या दुप्पट मोठी आणून गॅलरीत टांगली. शेजारणीनं दबक्या आवाजात विचारलं, "यंदासुद्धा?"

"यंदाच," सिस्टर म्हणाल्या.

नाताळ उलटल्यावर एका संध्याकाळी मी काकांसाठी खीर घेऊन वर गेले, तर प्रार्थना चालू होती. मी दारातच थांबले. "प्रभू, यांच्या डोळ्यांचं मी रोज सांगतेय. रोज. तू ऐकतोयस हे मला ठाऊक आहे, म्हणून तर..." इथे सिस्टर अडखळल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना अडखळताना ऐकलं नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच आवाज फुटला, आणि मग त्या गप्पच झाल्या. भिंतीकडे तोंड करून बसलेले काका वळले. हातानं चाचपत त्यांनी सिस्टरांचा खांदा शोधला आणि बसक्या गळ्यानं म्हणाले, "प्रभू, ही दमली आहे रे. हिचं ऐक." थोडं थांबून म्हणाले, "आमेन."

मी खिरीची वाटी उंबऱ्याशी ठेवली आणि पावलं न वाजवता खाली आले.

काकांचे डोळे काही परत आले नाहीत. पण त्यानंतर वरून दोन आवाज येऊ लागले, एक जाब विचारणारा आणि एक विनवणारा. पुढे सिस्टर निवृत्त झाल्या आणि दोघं गावी जायला निघाली. काकांना धरून जिना उतरता उतरता त्या माझ्यापाशी थांबल्या. "मी मागणं सोडलेलं नाही, बरं का," त्या म्हणाल्या, "नाहीतर त्याला वाटेल म्हातारी विसरली." काका नुसते हसले. टॅक्सी ठाण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. घरात जावंसंच वाटेना.