बिनखुणेचे कपडे

दुपारचे अडीच वाजलेत आणि हणमंत रसाळचे डोळे त्याला न विचारताच मिटू लागलेत. दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही, त्याला तो तरी काय करणार! फलटणमधल्या आपल्या लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलाला पाठ टेकून तो फरशीवर बसलाय. समोर त्रेचाळीस कपडे टांगलेत, आणि चार वाजता बेलिफ टेंपो घेऊन येणार आहे.

सकाळी तो एकदा येऊन गेलाच. ड्रायक्लीनच्या मशीनसाठी काढलेलं पतसंस्थेचं कर्ज, मशीन भंगारात गेलं तरी फिटलं नाही. शेवटी कोर्टाचा जप्तीचा हुकूम झाला. बेलिफ माणूस तसा वाईट नव्हता. "टेबल, इस्त्री तुमची हत्यारं. त्यांना हात लावत नाही," म्हणाला. "पण हे कपडे?"

"गिऱ्हाइकांचे," हणमंत म्हणाला.

"पावत्या? वही?"

तिथंच घोडं अडलं. हणमंतनं जन्मात पावती फाडलेली नाही. कापड हातात घेतलं की कुणाच्या घरचं ते सांगतो, ही त्याची मिजास! बेलिफानं यादी केली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि बजावलं, "एकही हलवायचा नाही. चारपर्यंत मालकीचा पुरावा द्या, नाहीतर उचलतो." त्या यादीत गुजरबाईंच्या मुलीची पैठणी आहे, आणि परवा तिचं लग्न आहे.

"गिऱ्हाइकांना फोन करा की," बायको, सुलभा, तीनदा म्हणाली.

"आणि काय सांगू? माझ्या दुकानात जप्ती आलीया?" हणमंत उलटा तिच्यावरच खेकसला.

आता पंखा गरगरतोय. गरगरता गरगरता त्याचा आवाज पाण्याचा होतो.

इस्त्रीचं टेबल नदीत उभं आहे आणि टेबलावर तात्या उकिडवे बसलेत. तात्या म्हणजे हणमंतचे वडील, सहा वर्षांपूर्वी वारलेले. एका हातात कपड्यांवर खुणा करायचा बिब्बा, दुसऱ्या हातात दाभण.

"आलास व्हय?" मान वर न करता ते विचारतात.

"तात्या, चारला बेलिफ येतोय."

"ठाव हाय."

ते दाभण बिब्ब्यात टोचतात आणि एका सदऱ्याच्या कॉलरमागे दोन काळे ठिपके देतात. "मास्तराचं घर, दोन ठिपकं. डॉक्टराचं, ठिपका अन् रेघ. साठ घरं, साठ खुणा. मी गेलो अन् तू सोडल्यास."

"मला खूण लागत न्हाई. मी वळखतो."

"मग वळख."

पाणी कधी सरलं ते कळतच नाही. ही कोर्टाची खोली आहे. बाकांवर माणसं नाहीत, नुसते कपडे बसलेत. सदरे हाताची घडी घालून, साड्या पदर सावरून. बेलिफ एका कोटाला कॉलर धरून उभा करतो.

"मालक कोण?"

हणमंत तोंड उघडतो. ह्या कोटावर त्यानं शंभरदा इस्त्री फिरवलीय, पण नाव येत नाही.

"पुढचा."

त्याचंही नाव येत नाही. एकेक कपडा उठून मुकाट दारातल्या टेंपोत जाऊन बसतो. शेवटी पैठणी उठते.

"तात्या, तिच्यावर खूण करा! लवकर!"

तात्या शेजारच्याच बाकावर आहेत. "जप्तीची यादी झाल्याव? लबाडी व्हईल ती."

"मग मी काय करू?"

"खूण कशापायी व्हती रं? आपलं कापड गिऱ्हाइकानं आपल्या डोळ्यांनी वळखावं म्हणून. बोलीव त्यास्नी."

"लाज वाटती, तात्या. गावभर हुईल."

"परक्याची कापडं टेंपोत घालतुयास, एकट्याची आब्रू राखाया?"

हणमंतला रडू फुटतं. ते खोटं नाही, हेच त्याला फार लागतं. आता दोघंच घरच्या मोरीपाशी बसलेत. तात्या त्याचा उजवा हात ओढून घेतात, त्यांचा तळवा होता तसाच खरखरीत आहे. दाभणाचं टोक ते त्याच्या बोटावर टेकवतात.

"जळंल जरा."

"तात्या, बसा की अजून."

"कापडं वाळली आसतील," म्हणत ते उठतात.

कुणीतरी खांदा हलवतंय. "अवं, तीन वाजून गेलं," सुलभा म्हणते.

त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कपडे जागेवर आहेत. हणमंतच्या बोटाची मात्र आग होतेय. टोकावर काळा ठिपका, भोवतीची कातडी लाल होऊन फुगलेली. तो ओल्या फडक्यानं घासतो, पण ठिपका निघत नाही.

सुलभा बोट उजेडात धरते. "बिब्बा उतलाय ह्यो. कुठनं आला?"

तात्या गेल्यापासून घरात काय, दुकानात काय, बिब्बा आलेला नाही. हणमंत फोन उचलतो आणि त्याच ठणकत्या बोटानं नंबर लावतो.

"गुजरबाई, लाँड्रीवाला हणमंत बोलतोय." पुढचं तो एका दमात सांगून टाकतो. "माझ्या दुकानात जप्ती आलीया. चारच्या आत येऊन तुमची पैठणी बेलिफाला वळखून द्याल का?"

"जप्ती?" बाई विचारतात. "तुमच्याकडे?"

"व्हय, जप्ती," हणमंत सांगतो, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "माझ्याच दुकानात."