खालच्या बाईच्या वाकळा

तीन वर्षांपूर्वी माझ्या लेकीचं, पल्लवीचं, पहिलं बाळ आठ दिवसांचं होऊन गेलं, आणि त्या दिवसापासून माझं नि आमच्या गावदेवीचं बोलणं बंद झालं. बंद मी केलं. लग्न होऊन शिरवण्याला आले तेव्हापासून दर मंगळवारी देवळात जात होते, ओटी भरत होते, नवस बोलले की फेडत होते. एवढं करून हेच मिळणार असेल तर कशाला जायचं? आता राहते त्या सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात तिची तसबीर आहे. ती काढली नाही, पण तिच्यापुढे दिवा लावणं सोडलं. सकाळी चहा ठेवताना मुद्दाम तिच्याकडे पाठ करून उभी राहायचे. हे वाचून कुणाला पाप वाटत असेल तर वाटू दे. मी तेव्हा तशीच होते आणि थोडी अजूनही आहे.

गेल्या थंडीत पल्लवीला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली, त्यामुळे अंगाने अगदी एवढीशी. जावई कामानिमित्त बाहेरगावी, म्हणून बाळंतीण माझ्याकडे आली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन कमी आहे, थंडी लागू देऊ नका." तेवढं एक वाक्य मी पदराला बांधून आणलं. घरी आल्यावर पहिल्यांदा तसबिरीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "एक नेलंस. हिला हात लावायचा नाही. हिला मी सांभाळीन." हात जोडले नाहीत. बोलून झाल्यावर बरं वाटलं.

मुंबईच्या थंडीला लोक हसतात. त्यांनी सातव्या मजल्यावर, खाडीकडे तोंड असलेल्या घरात जानेवारीतली पहाट काढून बघावी. सरकत्या खिडक्यांच्या फटींतून वारा असा आत यायचा की फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. मी जुन्या सुती साड्या फाडल्या आणि त्यांच्या वळ्या करून एकेक फट ठासून भरली. दाराखाली गोधडीची गुंडाळी लावली. आणि शिरवण्याला दिराच्या माळ्यावरून माझ्या सासूची लोखंडी शेगडी काढून आणली. आमच्याकडे बाळंतिणीला शेक दिल्याशिवाय बाळंतपण झालं असं कुणी म्हणतच नाही. बाजेखाली निखारे ठेवायचे, वर ओवा टाकायचा, बाळ-बाळंतीण दोघांना शेकायचं. माझी तिन्ही बाळंतपणं तशीच झाली. फ्लॅटमधल्या पलंगाला खालून लाकडी खोकं, म्हणून मी शेगडी पलंगाशेजारी दोन विटांवर ठेवली. कोळसे बाहेर बाल्कनीत पेटवायचे आणि धूर पूर्ण जाऊन लालबुंद झाले की मगच आत न्यायचे. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी माझी पक्की समजूत. गावच्या घरात कौलांमधून आभाळ दिसायचं, भिंतीला झरोका होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पल्लवी रोज कुरकुर करायची. "आई, एक तरी खिडकी उघडी ठेव ना. टोपी आहे, मोजे आहेत, पुरे झालं. व्हेंटिलेशन पाहिजे गं."

"खिरकी उघरायची नाय. पोरीला वारा लागंल. मना शिकवू नको, मी तीन पोरा वारवल्यान."

"आणि त्यातलं एकही शेगडीशिवाय वाढलं नसतं का?"

या बोलण्याचा मला इतका राग आला की दिवसभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. डायपरवरूनही आमचं तसंच वाजलं होतं. मला ते प्लास्टिक पसंत नव्हतं, म्हणून मी सुती लंगोट वापरायची, धुवायची आणि बाल्कनीबाहेरच्या दांडीवर वाळत घालायची. ते नीट पिळलेले असायचे की नाही, खाली कुणावर ठिबकतं का, याची मला पर्वा नव्हती. सगळं जग एका बाजूला आणि माझी नात एका बाजूला, असे ते दिवस होते.

दोघींना घरी आणल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी बाळाला आंघोळ घालून आत नेलं, शेगडी ठेवली आणि दार लावून घेतलं. थंडी जास्त होती म्हणून कोळसेही जास्त घातले होते. स्वयंपाकघरात आहळीव शिजत होते, त्यामुळे माझी ये-जा चालू होती. डोकं ठणकत होतं, ते जागरणाचं असेल म्हणून सोडून दिलं. दोनदा आत डोकावले. दोघी शांत झोपलेल्या. एरवी तास-तासाला किंचाळणारी पोर आज चूं करत नव्हती, आणि पल्लवीच्या गालांवर चांगली लाली आली होती. मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. तसबिरीकडे बघून मी मनात म्हटलं, बघ, असं सांभाळतात. हे आठवलं की आजही मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तेवढ्यात बेल वाजली. वाजली म्हणजे काय, कुणीतरी बटणावरचं बोट काढेचना. बाळंतिणीच्या घरी असं करतात का? मी तणतणत जाऊन दार उघडलं. समोर खालच्या मजल्यावरची बाई, चार महिन्यांपूर्वी राहायला आलेली. कुठल्याशा ऑफिसात नोकरी करायची. तिचं नाव सुनंदा हेसुद्धा मला नंतर कळलं.

"ओ काकू, काय लावलंय हे? रोज तुमच्या लंगोटांचं पाणी माझ्या वाकळांवर! ऊन दाखवावं म्हणून टाकते, तर संध्याकाळी वल्ल्याच. लेकरं काय पांघरतील आमची?"

"मंग आत सुकव की! बाल्कनी काय तुझ्या एकटीचीच हाय?"

आम्ही दोघी तिथेच जुंपलो. ती लातूरकडची, मी इथली, कुणाचाच आवाज खाली येईना. भांडता भांडता मला गरगरलं आणि मी दाराची चौकट धरली. ती एकदम बोलायची थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"काकू, आत कोळसा पेटवलाय का? खिडक्या?"

"बंद हाईत. बाळंतीन हाय."

पुढे तिने मला काही विचारलं नाही. मला बाजूला ढकललं, चपलांसकट आत शिरली, खोलीचं दार उघडलं, खिडकीच्या फटीतल्या माझ्या साड्या ओरबाडून काढल्या आणि काच सरकवली. बाळाला उचलून ती बाल्कनीत उभी राहिली. थंडगार वाऱ्यात! मी ओरडत तिच्या अंगावर धावले. मग पल्लवीला हाका मारल्या. तिने डोळे उघडले, उठायला गेली आणि पलंगावरून माझ्या अंगावर कोसळली. तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला.

वॉचमनला बोलावणं, पल्लवीला लिफ्टपर्यंत नेणं, रिक्षा थांबवणं, सगळं सुनंदाने केलं. रिक्षात बाळ तिच्याच मांडीवर होतं. ती सारखी त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारत होती. जुईनगरच्या अलीकडे ते बाळ रडलं. तो आवाज ऐकून मी रिक्षात मोठ्याने गावदेवीला हाक मारली, दोन वर्षांत पहिल्यांदा. बाकी काही मागायचं सुचलंच नाही.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी मला असं झापलं की तसं आयुष्यात कुणी झापलेलं नाही. निखाऱ्यातून जो वायू येतो त्याला रंग नाही, वास नाही, अजून थोडा वेळ गेला असता तर दोघींनाही उठवता आलं नसतं. मग शांत होऊन त्यांनी दाखवलं की एवढ्याशा बाळाला ऊब द्यायची असेल तर त्याला उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण घ्यायचं, बस्स. आईने धरावं, आजीने धरलं तरी चालतं.

घरी आल्यावर मी सुनंदाकडे गेले. तिच्या वाकळा धुऊन, घट्ट पिळून, उन्हात वाळवून दिल्या. तेव्हा तिला म्हटलं, "तुझ्या रूपानं देवीच आली गो माझ्या दारात."

ती पुन्हा भडकली. "काकू, मला देवीबिवी करू नका. आम्ही जय भीमवाले. माझ्या वाकळा भिजल्या म्हणून आले होते. तीन दिवस गिळलं, चौथ्या दिवशी डोकं फिरलं. आमच्या गावाकडं एक जोडपं असंच कोळशानं गेलेलं, म्हणून कळलं."

तिचं खरं आहे. माझंही माझ्यापुरतं खरं आहे. डोकं फिरायला तिला चौथाच दिवस का मिळाला, हे मी तिला विचारलं नाही आणि देवीलाही विचारलं नाही.

पल्लवी मात्र माझ्याशी बोलत नव्हती. ओरडली असती तर सोसलं असतं. ती नुसती बाळाला छातीशी धरून बसायची, आणि मी जवळ गेले की तिचे हात बाळाभोवती आवळायचे. तिचं काही चुकत नव्हतं. जिच्यापासून देवीने लांब राहावं असं मी बजावलं होतं, तिच्यापासून आता मलाच लांब ठेवलं जात होतं. आठवडाभर मी दारातूनच बाळ बघितलं. मग एका सकाळी, खिडकी वीतभर उघडी होती, बऱ्यापैकी गार होतं, पल्लवीचे डोळे मिटायला लागले होते. तिने मला हाक मारली.

"आई, ये. घे हिला. ब्लाउजची बटणं काढ आधी."

मी बसले. तिने बाळ माझ्या छातीवर ठेवलं, वर माझीच शाल ओढली आणि कुशीवर वळून झोपली. ते इवलं नाक माझ्या गळ्याशी, श्वास येतोय, जातोय. तो मी चालवत नव्हते. माझ्याकडे होती ती फक्त अंगाची ऊब. उघड्या दारातून स्वयंपाकघरातली तसबीर समोर दिसत होती. तुझी आहे, सांभाळ, एवढंच मी तिला म्हटलं. नमस्कार करायचा होता, पण दोन्ही हात बाळाखाली गुंतले होते.