अस्वलाच्या शिकारीला चौदा नावं

एकेकाळी कोलाडपलीकडच्या डोंगरात रानडुकराचा हाका दाजींच्या शब्दावर निघायचा. डबे बडवत अख्खी वाडी रानात शिरायची. शिकारीला बंदी आली, तशी दाजींनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि शेतातल्या वालाकडे लक्ष वळवलं. वाल पळत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार.

यंदा कॅनडातल्या मुलाचा, नितेशचा, फोन आला. "बाबा, मे महिन्यात या. हितं अस्वलाची शिकार कायद्यात बसते. वाटाड्या, तंबू, जेवन, सगळं कंपनी बघते." सहा वर्षांत त्याचं गावी येणं झालं नव्हतं. शिकारीचं नाव काढल्याशिवाय म्हातारा विमानात बसायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

कंपनीचा फॉर्म पुतणी अपेक्षानं मोबाइलवर उघडला. "काका, सोबत कोण कोण?"

दाजींनी हाक्यातल्या जुन्या गड्यांपासून, जगन-कान्हूपासून, सुरुवात केली. तेरावं नाव अंथरुणाला खिळलेल्या बायजाबाईचं.

"ती शिकारीला येनार?"

"येनार कशाला? पन मटनाचा वाटा नको तिला? घरी बसल्याला वाटा नाय दिला, तर रान पुन्हा काय देत नाय."

चौदावं नाव जगनच्या कुत्र्याचं.

दोन दिवसांनी नितेशचा फोन. "बाबा, कंपनी चौदा पासपोर्ट मागते! आपन दोघंच जायचं, नि वाटाड्या."

"मंग हाका कोन घालनार?"

"हाका नाय. मचानावर दिवसभर गप बसायचं."

"नि पिल्लांवाली अस्वलीण आली तर?"

"तिला मारायचं नाय. तसा कायदाच हाय."

"ह्ये बरं हाय. पन एवढं जनावर पडलं, तर वाटे कुनाकुनाच्या घरी पाठवशील?"

मग नितेश म्हणाला, "एवढी घरं नायत माझ्या ओळखीची, बाबा."

दाजींनी फोन ठेवला.

"काय झालं ओ?" त्यांच्या बायकोनं, सरूकाकूंनी, विचारलं.

"काय नाय गो. कपडे काढ गरम." मग ते अपेक्षाकडे वळले. "चौदाच्या चौदा नावं खोड. तुझ्या काकूचं घाल. नि लिही, अस्वल नाय आलं तरी चालंल."

"तसा रकाना नाय काका."

"मंग मोकळी जागा बघून लिही."