दोन फेरे कमी

"घड्याळात किती वाजलेत ते आधी सांग, तुला काय वाटलं ते मग."

आबांचं हे बोलणं आमच्या सगळ्या गल्लीला पाठ होतं. आज पाणी फारच थोडा वेळ आलं असं कुणी म्हणालं, की ते हेच विचारायचे. समोरच्याला वेळ सांगता आली नाही, तर पुढचं ऐकून न घेता चालू लागायचे.

आबा नगरपालिकेचे चावीवाले. टाकीतलं पाणी कोणत्या भागात कधी जायचं ते रस्त्याखालचे व्हॉल्व्ह ठरवतात, आणि ते फिरवायची लोखंडी चावी माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच असते. एकतीस वर्षं ती वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, ती नेमकी बसली की हाताला कळतं, मग फेरे मोजत फिरवायची. आमच्या गल्लीच्या व्हॉल्व्हला अठरा फेरे. पाण्याच्या आधी नळातून हवेचा सुस्कारा यायचा, आणि तो ऐकला की घराघरांत भांड्यांची हलवाहलव सुरू व्हायची.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाणी सोडूनही सोडलं नाही म्हणून आबांनी बोलणी खाल्ली होती. दाखवायला हातात काही नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या खिशात वही आली. व्हॉल्व्ह कोणता, उघडला किती वाजता, बंद किती वाजता, आणि रोजच्यापेक्षा काही वेगळं केलं असेल तर तेही. भरलेल्या वह्या पत्र्याच्या पेटीत जायच्या. त्या कधी कुणी मागितल्या नाहीत.

मागितल्या त्या सुनेनं. ती दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरवर घेते. पाण्याची वेळ चुकली म्हणून तिच्या दोन मैत्रिणी सारख्या रजा टाकायच्या. त्यांच्यासाठी तिनं ब्लॉग सुरू केला. नाव दिलं 'आज पाणी कधी'. आबा घरी येऊन चहा घ्यायचे, तेवढ्यात ती वही उघडून त्या दिवसाच्या वेळा टाइप करायची. पहिल्या महिन्यात वाचणारे अकरा जण. त्यातले चार तिच्या माहेरचे, ज्यांचा आमच्या पाण्याशी काडीचा संबंध नव्हता.

मग खालच्या भागातल्या एका शाळेच्या बाईंनी महिनाभराची बेरीज करून त्या पानाखाली टाकली. वरच्या भागाला रोज दोन तास दहा मिनिटं पाणी. आमच्यासकट खालच्या सहा गल्ल्यांना प्रत्येकी पस्तीस मिनिटं. वरच्या भागात आमच्या नगरसेवकांचं घर आहे, आणि वहीत तेही होतं: 'नगरसेवकांचा फोन, चालू ठेवला.' इतकी वर्षं आम्ही सगळे आपापल्या नळाला शिव्या देत होतो. आता एकमेकांचं लिहिलेलं वाचायला लागलो. जे समोरासमोर कधी बोलले नव्हते ते त्या पानाखाली भांडले, भांडता भांडता एक अर्ज तयार झाला, त्यावर तीनशे चाळीस सह्या झाल्या. अर्जात आकडे होते, त्यामुळे तो बाजूला ठेवता येईना. नगरपालिकेनं सभा लावली आणि पहिल्यांदाच लोकांना आत बसू दिलं. प्रश्न एकच, सगळ्यांना सारखा वेळ पाणी द्यायचं की नाही.

नगरसेवक चहाच्या टपरीवर हसून म्हणाले की सासऱ्यानं सांगितलं आणि सुनेनं टाइप केलं, याला काय पुरावा म्हणतात? "उद्या मी टाइप करीन, मी राजा आहे. मग सिंहासन आणून देणार का मला?"

लोक हसले. पण सगळी मदार वहीवर होती, हे सगळ्यांनाच कळत होतं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी आबांनी सुनेला ते पान वाचून दाखवायला सांगितलं. त्यांचा फोन साधा, बटणांचा. ते पान त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ती वाचत गेली, ते वहीवरून बोट फिरवत गेले. आमच्या गल्लीशी बोट थांबलं.

"पुढचं वाच."

"पुढे काही नाही, आबा."

"वहीत आहे."

वहीत होतं: 'बंद, दोन फेरे कमी.'

अठराच्या जागी सोळा फेरे फिरवले की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. पाण्याची दोऱ्याएवढी धार वाहत राहते आणि गल्लीच्या टोकाला, सगळ्यांत खालच्या घरी जाऊन पोचते. त्या घरात अक्का राहते, आबांची थोरली बहीण. एकटी. गुडघे गेलेले, भरलेला हंडा उचलवत नाही. ती नळाखाली तांब्या लावून दिवसभर थोडंथोडं भरायची. सहा वर्षं हे चाललं होतं, आणि शेजारी राहून आम्हाला पत्ता नव्हता.

सून म्हणाली की तिला अर्थ पहिल्याच आठवड्यात कळला होता, तिनं मुद्दाम गाळलं. "उद्या तेवढंच धरून बसतील, आबा. दीड वर्ष राहिलंय तुमच्या रिटायरमेंटला. चावी काढून घेतील."

"त्यांचं तेवढं दाखवायचं आणि माझं झाकायचं, तर मग ती वही कसली?"

"आणि अक्कांच्या पाण्याचं काय?"

आबा उठले. चपला घालून अक्काकडे गेले.

मी तेव्हा तिच्याच ओट्यावर बसलो होतो. आबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या खरेपणाला सगळ्या गावात माझाच नळ सापडला होय रे?" मग विचारलं, "विचारायला आलास की सांगायला?"

"सांगायला."

"मग झालं की सांगून. आता चहा घे आणि जा."

त्याच संध्याकाळी सुनेनं गाळलेलं सगळं त्या पानावर घातलं. खाली लिहिलं, गाळलं ते मी, आबांनी नाही. लोकांनी तिथंच लिहून आबांना झोडपून काढलं. सगळ्यांत जास्त चिडली ती आमचीच गल्ली.

सभेत नगरसेवक फोन हातात धरून उभे राहिले आणि ती ओळ सावकाश, दोनदा वाचली. म्हणाले, हा तुमचा खरा माणूस, स्वतःच्याच हातानं लिहिलंय. आबा पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, हे खरं आहे का? आबा म्हणाले, "खरं आहे. सहा वर्षं."

मुख्याधिकाऱ्यांनी वही मागून घेतली. पानं उलटली, वरच्या भागाच्या नोंदींशी थांबले, आणि शांतपणे म्हणाले, "नगरसेवक, तुम्ही वाचलंत ते आणि तुमच्या फोनचं हे, दोन्ही एकाच हातानं लिहिलंय. एक खरं धरलं तर दुसरंही धरावं लागेल."

नगरसेवक खाली बसले. ठराव झाला: रविवारपासून वरच्या भागाला आणि खालच्या प्रत्येक गल्लीला सारखीच अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि रोजच्या वेळा नगरपालिकेनं स्वतः इंटरनेटवर टाकायच्या. त्याच दमात दुसराही निर्णय झाला. रविवारी नव्या माणसाला काम दाखवून आबांनी चावी सोडायची आणि टाकीवर बसून पाण्याची पातळी लिहायची. त्यांच्या बाजूनं कुणी उठलं नाही. मीही नाही.

रविवारी सकाळी आबा आमच्या गल्लीत आले. सोबत नवा चावीवाला होता. बंद करायची वेळ झाली तेव्हा अक्का दारात येऊन उभी राहिली. आबांनी एरवी मनात मोजायचे ते फेरे मोठ्यानं मोजले. सोळाला हात क्षणभर थांबला. मग सतरा, अठरा.

"किती वाजले?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

अक्कानं आत वळून घड्याळ पाहिलं. "सात पन्नास."

"सात दोनला उघडला होता. अठ्ठेचाळीस." त्यांनी वहीत लिहिलं, वही खिशात टाकली, चावी नव्या माणसाच्या हातात दिली आणि टाकीच्या रस्त्यानं निघाले. खांद्यावर काही नव्हतं, तरी तो खांदा तसाच खाली. मी अक्काचा भरलेला हंडा आत नेऊन ठेवत होतो. परत आलो तोवर आबा वळणापाशी पोचले होते, आणि अक्का चौकटीला धरून, ते दिसेनासे होईपर्यंत बघत होती.