सायकल आणि टपरीवरचे थोर पुरुष

पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला चिमूरच्या बाजाराचं मैदान आठवतं, आणि चहाच्या टपरीवरचे ते बिनकामाचे थोर पुरुषही. दवाखान्यातली नवी सुईण तिथे सायकल शिकत होती. जंगलातल्या गावांना पोचायचं तर सायकल यायलाच हवी, नाही तर नोकरी जाईल, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. ती पडली की अख्खी टपरी खिदळायची. "बाई, तू सायकल चालवून राह्यली का सायकल तुले?" असं ओरडणारा आमचा पुढारी आदल्याच दिवशी स्त्रियांच्या प्रगतीवर घसा फोडून आला होता! सायकल धरायला मात्र एकाचाही हात पुढे आला नाही. लुगडं साखळीत फाटलं, कोपर सोललं. धूळ झटकत ती म्हणाली, "हासा भाऊ. आज पडून राह्यली, म्हून काय रोजच पडीन?" आणि पुन्हा चढली. पावसाळ्याआधी ती मोहाच्या झाडांमधून गावोगाव जाऊ लागली. आता तोच पुढारी सभांतून सांगतो, बाईंना धीर आम्ही दिला. परवा मी संतापून तिला हे सांगितलं. चाकात हवा भरता भरता ती म्हणाली, "देल्ला ना भाऊ. बसल्या बसल्या, चहा पेत पेत."